चौसष्ट नंबरची झडती

नाही, मला एक सांगा, माझी झडती का घेत नाही अशी तक्रार करणारा माणूस तुम्ही आयुष्यात बघितलाय का? झडती घेतली म्हणून भांडणारे लई बघितले असतील, मी तर रोज संध्याकाळी साडेपाचला गेटवर बघते... पण माझी घ्या हो, एकदा तरी घ्या, असं हात जोडून म्हणणारा? मी बघितला. माझ्या केबिनच्या दारात उभा होता, बूट बाहेर काढून. आता केबिन म्हणजे तरी काय, जिन्याखालची जागा, तिथं एक टेबल, दोन कॉम्प्युटर आणि एक पंखा जो वाऱ्यापेक्षा आवाज जास्त देतो. तिथं कुणी बूट काढत नाही. ह्यानं काढले. आणि म्हणतो माझी झडती घ्या.

तुम्हाला सांगते, ह्यात माझी काही चूक असेल असं मला त्या दिवशी स्वप्नातसुद्धा वाटलं नव्हतं.

मी मेघा. छावणीत राहते, स्कुटीवरून रोज चिकलठाण्याला जाते, तिथं एका कारखान्यात सिस्टीम बघते. सिस्टीम बघते म्हणजे काय, तर प्रिंटरमध्ये कागद अडकला की मेघा, अंगठ्याच्या मशीनला कुणाचा अंगठा ओळखू येईना की मेघा, साहेबांच्या मोबाईलमध्ये जागा संपली की मेघा. कारखाना पितळेचे बुश बनवतो. बुश म्हणजे अंगठीपेक्षा जरा जाड अशी पितळी कडी, गाड्यांमध्ये बसते. लहान वस्तू, खिशात मावणारी, त्यामुळं अधूनमधून कमी भरायची. मग संध्याकाळी गेटवर झडती. आणि ती कुणाची घ्यायची हे ठरवायचे सांडूमामा, आमचे वॉचमन. आता सांडूमामा म्हणजे सिल्लोडकडचा साधा माणूस, समोर येईल त्याला थांबवणारा. पण ज्याला थांबवलं तो म्हणायचा, माझंच तोंड चोरासारखं दिसतं का? कुणी म्हणायचा मी अमक्या समाजाचा म्हणून, कुणी म्हणायचा मी बिडकीनचा म्हणून, आणि एकानं तर मोठ्या साहेबांपर्यंत अर्ज केला की दिवाळीला मामाला फराळ दिला नाही म्हणून माझा डबा रोज उघडतात.

तर आमचे अभय सर, एचआरचे, ते एक दिवस कुठलंसं ट्रेनिंग करून आले आणि म्हणाले, मेघा, रँडम पाहिजे. माणसानं ठरवायचंच नाही, कॉम्प्युटरनं ठरवायचं. कामगार चौसष्ट. नोकरीला लागले त्या क्रमानं त्यांना नंबर. रोज सुट्टीच्या वेळी गेटवरच्या स्क्रीनवर सहा नंबर यायचे, त्या सहा जणांची झडती, बाकीच्यांनी घरी जायचं. झालं.

मी दोन दिवसांत करून दिलं. आणि पहिल्या संध्याकाळी गेटवर सगळ्यांसमोर भाषणसुद्धा ठोकलं. म्हणाले, हे बघा, ह्याच्यात जात नाही, गाव नाही, फराळ नाही. कॉम्प्युटर कुणाला ओळखत नाही. लोकांनी मान डोलावली. सांडूमामांनी तर मला नमस्कारच केला, म्हणाले, पोरी, माझ्या डोक्यावरचं ओझं उतरवलंस. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू, घरी आईला सांगितलं, बाबांना सांगितलं, शेजारच्या काकूंना बोलावून सांगितलं... कॉम्प्युटर कुणाला ओळखत नाही.

आता हे नंबर काढतात कसे, ते तुम्हाला सांगावंच लागेल, कारण घोळ तिथंच आहे. घाबरू नका, डाळ-तांदूळ निवडण्याइतकं सोपं आहे. जावास्क्रिप्ट म्हणून एक भाषा आहे. तिला म्हणायचं, रँडम. की ती तुम्हाला शून्य आणि एकच्या मधला कुठला तरी अपूर्णांक देते. शून्य पूर्णांक तीन सात एक आठ... असं लांबलचक शेपूट. शून्य येऊ शकतो, पूर्ण एक मात्र कधीच येत नाही. पण शून्य पूर्णांक तीन सात नंबरचा कामगार मी कुठून आणू? माणसं पूर्ण असतात. म्हणून त्या अपूर्णांकाला जितकी माणसं तितक्यानं गुणायचं, मग फ्लोअर म्हणायचं, म्हणजे दशांशाचं शेपूट छाटून टाकायचं, आणि वर एक मिळवायचा, कारण शून्य नंबरचा माणूस नसतो. झाला तुमचा नंबर. एवढंच. एका ओळीचं काम. त्या एका ओळीवर मला इतका गर्व होता की मी ती परत वाचलीच नाही.

तर हा पुंडलिक. नंबर चौसष्ट, यादीतला शेवटचा. बिडकीनचा. चार वर्षांपूर्वी गोकुळनं शब्द टाकला म्हणून लागला, त्याच्यानंतर कायम भरतीच झाली नाही, म्हणून शेवटचा तो शेवटचाच राहिला. गोकुळ त्याच्याच गल्लीतला, नंबर एकतीस. दोघं शेजारशेजारच्या मशीनवर, दुपारी एकाच भाकरीचे दोन तुकडे करून खाणारे. गोकुळच्या घरचा ठेचा आणि पुंडलिकच्या घरची ज्वारीची भाकरी, असा करारच होता म्हणे.

पहिले दोन-तीन महिने पुंडलिकचा नंबर आला नाही, तर सगळ्यांनी त्याची चेष्टा केली. नशीबवान म्हणायला लागले. दोघांनी तर आपल्या पोरांचे प्रवेशाचे फॉर्म त्याच्या हातानं भरून घेतले, हात चांगला आहे म्हणून. तोही हसायचा. गेटवरून रोज सरळ बाहेर.

चौथ्या महिन्यात एकतीस नंबर आला, आणि गोकुळच्या पँटच्या दुमडलेल्या टोकात एक बुश निघाला. एकच. तो म्हणाला, मशीनवरून उडून पडला असेल, मला माहीत नाय. खरंच उडतात हो, मी बघितलेत, माझ्या चहात एकदा पडला होता. पण नियम तो नियम, दोन तारखेपासून पाच तारखेपर्यंत गोकुळला घरी बसवलं. गावात सगळ्यांना कळलं. आणि त्या चार दिवसांत कँटीनमध्ये कुणीतरी, नाव कुणी सांगत नाही, पण कुणीतरी म्हणालं की बघा, पुंडलिकची कधीच झडती होत नाय, अन् त्याच्या बाजूच्याची होते तर नेमकं सापडतं.

संपलं. एवढं पुरतं माणसाला.

खबऱ्या ठरला. तो ताट घेऊन बसला की त्या बाकावरचे उठायचे. बिडकीनहून नऊ जण मिळून एक गाडी करतात, त्या गाडीत त्याची जागा एकदम भरली. मग तो सकाळी सहाला निघून आधी एसटी, मग सिटी बस, असा यायला लागला. गावात पिठाच्या गिरणीत त्याच्या बायकोच्या मागं कुणी डबा ठेवीना. आणि गोकुळ... गोकुळ भांडलासुद्धा नाही. त्यानं फक्त ठेच्याची डबी आणणं बंद केलं. तीन महिने शेजारच्या मशीनवर उभा राहून एक शब्द नाही.

हे सगळं त्यानं मला त्या दिवशी दारात उभं राहून सांगितलं. मी त्याला आत बसवलं, पाणी दिलं, आणि काय केलं माहिती आहे? शिकवायला लागले. म्हणाले, पुंडलिकभाऊ, नाणं दहा वेळा उडवलं तर दहाही वेळा छापा येऊ शकतो, नाण्याला काल काय आलं ते आठवत नसतं, तसंच नंबरांचं, कॉम्प्युटर कुणाला ओळखत नाही. हे नशीब आहे, दुसरं काही नाही. तो सगळं शांतपणे ऐकून घेतो. आणि मग म्हणतो,

"म्याडम, नशीब असतं तर माझं एखादं तरी दुसरं काम झालं असतं की."

बूट घातले आणि गेला.

आता ह्याला काय उत्तर देता तुम्ही? मी जेवायचं सोडून हिशोब करत बसले. रोज चौसष्टांतले सहा. सात महिन्यांत कामाचे दिवस एकशे सत्तर. एका माणसाचा नंबर एकशे सत्तर दिवस न येण्याची शक्यता किती? तर जवळजवळ दोन कोटींत एकदा. दोन कोटींत. मी म्हटलं, एवढा नशीबवान माणूस सिटी बसला लोंबकळत येईल का? मग जुने सगळे नंबर काढून मोजले. एकतीस नंबर एकोणीस वेळा. त्रेसष्ट नंबर सतरा वेळा. चौसष्ट... एकदाही नाही.

मग ती ओळ उघडली. बघते तर माणसं किती, ह्या जागी मी लिहिलेलं, शेवटचा नंबर वजा पहिला नंबर. चौसष्ट वजा एक. त्रेसष्ट. मी त्रेसष्टनं गुणत होते. म्हणजे नंबर यायचे एकपासून त्रेसष्टपर्यंत. वजाबाकी केल्यावर पुढं अधिक एक लिहायचा असतो, पहिला आणि शेवटचा दोन्ही धरायचे असतात म्हणून. तो अधिक एक मी खाल्ला होता. पुस्तकात पहिल्याच पानावर सांगतात हे. लहान पोरंसुद्धा ही चूक करतात, आणि त्यांना मास्तर रागावतात, आणि विषय संपतो.

सात महिने मी छाती काढून सांगत होते की कॉम्प्युटर कुणाला ओळखत नाही, आणि तो पुंडलिकला खरंच ओळखत नव्हता. त्याच्या लेखी ह्या कारखान्यात पुंडलिक नावाचा माणूस नव्हताच. आणि नव्हता ते माझ्यामुळं.

आता शहाण्या माणसानं काय केलं असतं? जाऊन सांगितलं असतं. मी काय केलं? मी ओळ दुरुस्त केली, आणि वर दुसऱ्या दिवसाच्या सहा नंबरांत पहिला नंबर माझ्या हातानं लिहून टाकला. चौसष्ट. म्हटलं, एकदा झाली झडती की लोकांचा संशय जाईल, माझी चूकही कुणाला कळणार नाही, सगळं गुपचूप मिटेल. भित्रं माणूस कसं हुशार होतं बघा.

दुसऱ्या दिवशी साडेपाचला स्क्रीनवर पहिलाच चौसष्ट. पुंडलिक पुढं आला, आणि तुम्हाला सांगते, कुणी लग्नात आहेर घ्यायला इतक्या आनंदानं पुढं येत नाही. सांगायच्या आधी हात वर केले. डबा स्वतः उघडला. खिसे उलटे केले, तर खिशातून तिकिटं निघाली. एसटीची, सिटी बसची, चुरगळलेली, किती तरी. सांडूमामांनी ती सगळी गोळा करून परत त्याच्या हातात दिली. काही निघालं नाही. निघणारच नव्हतं. तो मागं वळून सगळ्यांकडं बघायला लागला, की बघा, झाली माझी झडती.

तर गोकुळ. तीन महिन्यांत पहिल्यांदा त्याच्याबद्दल बोलला, पण त्याच्याशी नाही, बाकीच्यांशी.

"काल दुपारी म्याडमकडं जाऊन आला, आज नंबर निघाला. आता तरी कळलं ना, नंबर कुठं ठरतेत ते?"

आणि खरी गंमत सांगू? गंमत कसली... सात महिने नंबरांत काही लबाडी नव्हती तेव्हा लोकांनी संशय घेतला, तो चुकीचा होता. आणि ज्या एका दिवशी खरंच लबाडी झाली, त्या दिवशी त्यांनी बरोबर ओळखलं. पुंडलिकनं हात खाली घेतले. माझ्याकडं बघितलं. त्याला कळलं होतं, नंबर मी घातलाय ते. खाली बघून बाहेर गेला.

मी अभय सरांकडं गेले. सगळं सांगितलं, दोन्ही पापं. ते पेपरवेट फिरवत म्हणाले, आता दुरुस्त झालं ना, मग विषय संपला. म्हणाले, तुम्ही हे बोललात तर उद्या सगळे सात महिन्यांच्या झडत्या उकरून काढतील, गोकुळचे चार दिवस निघतील, आणि कॉम्प्युटरवरचा विश्वास जाईल. मी म्हणाले, सर, माणसावरचा गेलाय. ते म्हणाले, माणसं रोज येतात-जातात, मेघा.

मी दोन दिवस गप्प बसले. खोटं कशाला बोलू, नोकरीची भीती वाटली. तिसऱ्या दिवशी सकाळी स्कुटीवरून येताना जालना रोडच्या स्टॉपवर पुंडलिक सिटी बसमधून उतरत होता. मला वाटलं, हा तोंड फिरवेल. त्यानं हात वर केला, नमस्कार म्याडम, नेहमीसारखा. तोंड फिरवलं असतं ना, तर मी अजून आठवडाभर गप्प बसू शकले असते.

शनिवारी दुपारी कँटीनमध्ये उभी राहिले. म्हटलं, मला बोलायचंय. चौसष्टच्या चौसष्ट जण, हातात घास. पुंडलिक कोपऱ्यात एकटा. मी सांगितलं की नंबर चुकीचे निघत होते, चूक माझी होती, पुंडलिकभाऊंचा नंबर यादीत होता पण निघूच शकत नव्हता, आणि ह्या आठवड्यात जो निघाला तो मी हातानं घातला होता, तसं करायला त्यांनी सांगितलं नव्हतं. मग समजावायला लागले. अपूर्णांक, गुणाकार, शेपूट छाटणं, वजाबाकी, अधिक एक... कुणाला काही कळेना. माझ्यामागं चहाचं पातेलं उतू जायला लागलं. एक जण म्हणाला, ह्या सांगायच्या गोष्टी झाल्या. मला रडू यायला लागलं.

तर गोकुळ उठला. हात न धुताच.

"थांबा. मला दोन तारखेपासून पाच तारखेपर्यंत घरी बसवलं. पाचातून दोन गेले, तीन. तुमच्या ओळीच्या हिशोबानं मी तीनच दिवस घरी व्हतो?"

मी म्हणाले, हो.

"अन् खाडे मात्र चार लागले."

मी म्हणाले, हो, गोकुळभाऊ. खाडे बरोबर मोजले. माणसं मोजताना चुकले.

आणि सगळ्या कँटीनला एका क्षणात कळलं. रजा कुणी चुकीची मोजत नाही ना... कामगाराला रजेचा शेवटचा दिवस धरायचा की नाही हे शिकवावं लागत नाही. शेवटचा एक राहिला तर काय होतं, ते सगळ्यांना माहीत होतं, फक्त माझ्या भाषेत माहीत नव्हतं. कुणीतरी म्हणालं, म्हणजे ह्यो पाच तारीख झाला व्हय. सगळ्यांनी पुंडलिककडं बघितलं.

गोकुळ उभाच. मला विचारतो, "माझा नंबर तर नीट निघत व्हता ना?" मी म्हणाले, नीट निघत होता. त्यानं मान हलवली. मग कोपऱ्यात गेला, पुंडलिकच्या समोर बसला, आणि त्याच्याकडं न बघता, ताटाकडं बघत म्हणाला, सोमवारी साडेसातला चौकात ये, गाडीत जागा करतो. पुंडलिकनं भाकरी मोडली आणि अर्धी त्याच्या ताटात ठेवली. बस्. मिठ्या नाहीत, माफी नाही. तीन महिने दोन माणसांनी वाया घालवले.

मी निघाले तर पुंडलिकनं एवढंच विचारलं, आता त्या यादीत मी हाय ना? मी म्हणाले, आहात. म्हणाला, मग झालं.

पण गोकुळचं झालं नव्हतं. मी दारापर्यंत पोचले आणि मागून त्याचा आवाज.

"म्याडम, तुमचा नंबर कितवा?"

मी थांबले. माझा नंबर नव्हता. अभय सरांचा नव्हता. ऑफिसातल्या कुणाचाच नव्हता. जिन्याखालच्या माझ्या खोलीत येता-जाता मी त्या बुशांच्या टोपल्यांजवळून दिवसातून दहा वेळा जाते, आणि यादी करताना मला एकदाही वाटलं नाही की आपण ह्यात असायला पाहिजे. ही चूक कुठल्या ओळीत नव्हती, आणि कुणी ती दुरुस्त करायलाही सांगितली नव्हती. कॉम्प्युटर कुणाला ओळखत नाही खरं... पण यादी करणारा सगळ्यांना ओळखतो हो.

अभय सरांना म्हणाले, ऑफिसही घाला यादीत. ते म्हणाले, धोरणात बसत नाही. मी म्हणाले, मग माझं एकटीचं घालते. ते म्हणाले, तुम्हाला हौस असेल तर घाला. घातलं. पासष्ट. आणि ह्या वेळी ती ओळ दहा हजार वेळा चालवून बघितली, पासष्ट निघतो की नाही. निघत होता.

नवव्या दिवशी निघाला.

आता माझी झडती घेणार कोण? मशीनवर आणि गेटवर सगळे पुरुषच. म्हणून गोजरबाईंना बोलावलं, झाडलोट करतात त्या. त्यांनी आयुष्यात कुणाची झडती घेतलेली नाही. त्या बिचाऱ्या माझ्यापेक्षा जास्त लाजल्या, माझ्या खांद्यांवरून हात असे फिरवले की जणू दृष्ट काढतायत. मी हात वर करून उभी. चौसष्ट जण बघतायत. तुम्हाला सांगते, चोरी केलेली नसतानासुद्धा त्या जागेवर उभं राहिलं की माणूस मनातल्या मनात आपलेच खिसे तपासायला लागतो. सात महिने मी रोज सहा माणसांना तिथं उभं करत होते आणि खिडकीतून बघत चहा पीत होते.

मग पर्स उघडली. रुमाल, चार्जर, गोळ्यांचं पाकीट, आणि तळाशी... कँटीनचा स्टीलचा चमचा, मागं कंपनीचा शिक्का असलेला. कधीतरी पावसाळ्यात डब्यातला भात खायला घेतला असेल, राहिला पर्समध्ये. गोजरबाईंनी तो उन्हात धरला. सांडूमामांनी वही उघडली, आणि लिहिता लिहिता मोठ्यानं म्हणाले, नंबर पासष्ट, एक चमचा. झालं, गेटवर जो हशा पिकला... पुंडलिक तर गोकुळच्या खांद्याला धरून हसत होता, डोळ्यांतून पाणी. मीही हसले. अभय सर हसले नाहीत. नियम तो नियम.

म्हणून तर आज कामाच्या दिवशी, दुपारी बारा वाजता, ओट्यावर बसून तुमच्याशी बोलतेय. मघाशी शेजारच्या काकू आल्या, म्हणाल्या, आज घरी कशी गं? आता एवढं सगळं त्यांना कुठून सांगू? म्हणाले, काकू, माझा नंबर लागला. तर त्यांचा चेहरा असा फुलला... माझा हात धरून म्हणाल्या, अगं मग पेढे कुठंयत?

निघालेय आणायला. वेळ आहेच.